लष्कराच्या भाकऱ्यांचा कायदा

अक्का, आज पाणी आलं. पाचव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, गल्लीत तीच ओरड आणि तीच बादल्यांची आदळआपट. मी माझी टाकी भरली आणि सवयीने पाइप ओढत तुमच्या फाटकापर्यंत गेले. तिथे उभीच राहिले. तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले, घरात पाणी पिणारं कोणी नाही, आणि मी हातात पाइप धरून उभी. समोरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हटलं आणि परत आले. बसले, उठले, चहा टाकला, तो उतू गेला. आज कोर्टात माझ्या दोन तारखा होत्या, दोन्ही ज्युनिअरकडे दिल्या. म्हटलं, आज तुमच्याशी बोलून टाकावं. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती तुम्ही असताना मी तीन महिने टाळली.

तुमच्याबद्दल लोक लिहितील. लॉ कॉलेजात किती वर्षं शिकवलं, कोणते जज तुमच्या हाताखालून गेले, ते त्यांचं त्यांना लिहू दे. मला आठवतो तुमचा तो ऐच्छिक विषय. तुलनात्मक खासगी कायदा. नाव ऐकूनच पोरं पळायची. आम्ही उरलो सात जण. माणसामाणसांतले व्यवहार, म्हणजे करार, नुकसान, मालकी, वारसा, यांची भांडणं निरनिराळ्या देशांचे कायदे कशी सोडवतात ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं, एवढाच तो विषय. याचा सोलापूरच्या कोर्टात उपयोग काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काहीच नाही, बस खाली.

मग तुम्ही वर्गात म्हैस आणलीत. चोरीची म्हैस. चोराने ती बार्शीच्या बाजारात विकली, घेणाऱ्याने भर दुपारी चारचौघांत, विकणाऱ्याचीच समजून घेतली. महिन्याने मूळ मालक शोधत आला. म्हैस कोणाची? आम्ही सातही जण म्हणालो, मालकाची; चोराची नव्हतीच तर तो विकणार काय? तुम्ही म्हणालात, हे इंग्रजांचं आणि आपलं घर झालं, आता इटलीत चला. तिथे म्हैस घेणाऱ्याची. त्याने प्रामाणिकपणे घेतली, ताब्यात आली, विषय संपला. फ्रान्समध्ये मालकाला तीन वर्षांच्या आत ती परत मागता येते, पण बाजारात घेतलेली असेल तर घेणाऱ्याने दिलेली किंमत आधी त्याच्या हातावर ठेवायची. वर्गात गोंधळ उडाला. आमच्यातला मोडनिंबचा एक जण उठून म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडं म्हशीलाच सोडत्यात की. ज्येच्या दावणीला जाऊन हुबारंल त्येची.’ सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. फळ्यावर इटली आणि फ्रान्स यांच्या खाली तुम्ही मोडनिंब लिहिलंत.

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, बाई कायद्याची थट्टा करतात. मी तेव्हा उत्तर एकच असतं असं मानणारी. पहिल्या चाचणीत मी ठासून लिहिलं, की फ्रेंच कायद्यात कराराला मोबदला लागत नाही, म्हणजे तो कायदा कच्चा. मोबदला हा शब्द मी त्यांच्या पुस्तकाच्या सूचीत शोधला होता, सापडला नाही, झालं. तुम्ही पेपर परत देताना म्हणालात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन आपलं भांडं शोधू नये, ती माणसं कशात शिजवतात ते बघावं. मला दहापैकी तीन मार्क दिलेत. ते तीन कशाचे, हे भांडण मी वीस वर्षं चालवलं आणि तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत.

पुढे मी तुमच्या शेजारचं घर घेतलं तेव्हा तुम्ही मॅडमच्या अक्का झालात. तुमच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू, आणि आपलं भांडण मराठीत. अक्का म्हणजे दोन्हीकडे थोरली बहीण, म्हणून तेवढा एक शब्द वादाशिवाय ठरला. बाकी कशावर आपलं पटलं? वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या तुम्ही घरात पाऊल टाकलं की पार गावाकडच्या होऊन जायचात आणि मला वकीलबाई म्हणायचात, ते कौतुक की चिमटा, हेही मला कधी कळलं नाही.

रिटायर झाल्यावर तुम्ही पुस्तक लिहायला घेतलंत. मराठीत, या विषयाची ओळख करून देणारं. कोण वाचणार, असं मीच विचारलं होतं. माझं तोंडच तसलं. तुम्ही शाईच्या पेनने फुलस्केप वह्या भरत राहिलात. मागच्या खोलीत सिमेंटची टाकी असल्याने ती उन्हाळ्यात गार राहते, म्हणून लिहायला तिथेच बसायचात आणि वह्या तिथेच जमिनीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात. सात वह्या झाल्या. कॉम्प्युटरवर तुमचा विश्वास नव्हता. झेरॉक्स काढून ठेवा म्हटलं तर म्हणायचात, आधी लिहून तर होऊ दे.

त्यातलं एक प्रकरण अडलं होतं. शेजारी गावाला गेलाय, वादळात त्याचं छप्पर उडायला आलंय, आणि कोणी सांगितलेलं नसताना तुम्ही ते बांधायला जाता. याला युरोपातल्या कायद्यांत जुनं लॅटिन नाव आहे. मराठीत काय म्हणावं? कोशातला शब्द वाचून आपण दोघी हसलो होतो. मी सहज म्हटलं, याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात अक्का, अजून काय. तुम्ही पेन उचललंत आणि तेच प्रकरणाचं नाव करून टाकलंत. मग मला समजावलंत, की इंग्रज अशा माणसाला म्हणतो, तुला कोणी सांगितलं होतं? काही मिळणार नाही. आपला कायदा इंग्रजाचा खरा, पण इथे तो बापाचं ऐकत नाही. फुकट करायचं म्हणून केलं नसेल आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला असेल, तर भरपाई द्या म्हणतो. फ्रेंच आणि जर्मन म्हणतात, केलंस ते बरं केलंस, खर्च घे, पण हाती घेतलंयस तर नीट कर, आणि अर्ध्यात सोडू नकोस.

मग तो उन्हाळा. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला बार्शीला तुमच्या भाचीकडे, रेणुकाकडे गेलात. आठ दिवसांसाठी. किल्ली माझ्याकडे दिलीत ती कुंड्यांना पाणी घालायला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आता गल्लीतला रिवाज तुम्हाला माहीत आहे; कोणी गावाला गेलं तर शेजारी त्याची टाकी भरून ठेवतो, विचारत बसत नाही, कारण आज नाही भरली तर पुढचे पाच दिवस कोरडे. मी दार उघडलं, पाइप टाकीत सोडला, नळ पूर्ण सोडला आणि घरी तयार व्हायला आले. तेवढ्यात फोन आला की माझी मॅटर पहिल्याच नंबरला लागली आहे. मी तशीच स्कूटर काढली. दुपारी जेवताना डब्याचं झाकण उघडलं आणि आठवलं.

खोलीत घोट्याएवढं पाणी होतं. खोकी लगदा झाली होती. सात वह्या उचलल्या तर पानांतून निळं पाणी गळत होतं. मी त्या गच्चीवर वाळवल्या, पंख्याखाली धरल्या, इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली. मधून मधून ओळी उरल्या होत्या, कुठे नुसता समास. आणि अक्का, तुम्हाला खोटं वाटेल, त्या वह्या पिळताना माझ्या डोक्यात युक्तिवाद चालू होता. किल्ली कुंड्यांसाठी होती, टाकीसाठी नव्हती, तर मी कोणत्या नात्याने आत गेले? जर्मनीत संकट टाळायला धावलेल्या माणसाला साधी चूक माफ असते, फक्त घोर निष्काळजीपणा धरतात, माझा कोणता? फ्रान्समध्ये जज परिस्थिती बघून भरपाई कमी करू शकतो. बार्शीच्या बाजारात हिंडावं तशी मी देशोदेशी हिंडत होते, स्वस्तात कुठे सुटते ते बघत.

तुम्ही परत आलात तेव्हा एका डोळ्याला पट्टी होती आणि महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी फरशी घासून खोली लख्ख केली होती. तुम्ही वह्या विचारल्यात. मी म्हटलं, मी टाइप करायला नेल्यात, तुमचं वाचन बंद आहे तोवर माझं काम होऊन जाईल. तुम्ही म्हणालात, बरं केलंस. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण वकिलाला माफी मागता येत नाही, अक्का. माफी म्हणजे कबुली. वीस वर्षं मी अशिलांना हेच बजावत आले, की काही झालं तरी ‘माझं चुकलं’ हे तोंडातून निघू देऊ नका, पुढचं मी बघते. सांगून सांगून ते माझ्याच अंगात मुरलं.

मग रोजचं सुरू झालं. कोर्टातून आले की चहा घेऊन तुमच्याकडे. टाइप करताना एक जागा कळली नाही, असं म्हणायचं आणि तुम्हाला बोलतं करायचं. तुम्ही बोलायचात, मी घरी जाऊन उतरवून काढायचे. उरलेल्या ओळी, माझ्या कॉलेजच्या वह्या आणि तुमचं बोलणं जोडत एकेक प्रकरण उभं राहायला लागलं. चोरी लपवायला केलेलं काम, पण मला त्याची गोडी लागली, हे कसं नाकारू? तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसायचात, हात हलवायचात. मी मुद्दाम उलट बाजू घ्यायचे, तुम्ही चिडायचात, कानडीत काहीतरी पुटपुटायचात आणि मग असं काही समजावायचात की ते त्या वह्यांत नक्कीच नव्हतं.

एकदा मात्र वाटलं, पकडले गेले. लष्कराच्या भाकऱ्यांवर बोलत होतो. मी छपराचं उदाहरण काढलं. तुम्ही म्हणालात, ‘छप्पर कशाला? सोलापुरात कुणाचं छप्पर उडतंय? पाण्याचं घे की.’ मी खाली बघून लिहिल्यासारखं केलं. तुम्ही चहात साखर कमी आहे म्हणालात आणि विषय दुसरीकडे गेला. त्या दिवशी मी ठरवलं, उद्या सांगायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही इतक्या खुशीत होतात की मी परवावर टाकलं. असे कितीतरी परवा गेले. पुस्तकाची दोन प्रकरणं राहिली होती. म्हटलं तेवढी होऊ देत, पूर्ण बाड हातात ठेवू आणि मग पायाशी बसून सांगू.

तुम्ही दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. मी कोर्टात होते. तुमच्या लोकांनी तुम्हाला भस्म लावून बसवूनच नेलं आणि बसवूनच मातीत ठेवलं. माझ्या घरचा रिवाज वेगळा. तुम्हाला तसं बसलेलं बघून मला सारखं वाटत राहिलं की आता काहीतरी विचारतील. मी मागे उभी होते. पुढे यायचं धाडस झालं नाही.

परवा रेणुका घर आवरायला आली होती. मी टाइप केलेलं बाड आणि त्या सात वह्यांचं गाठोडं दोन्ही घेऊन गेले. फ्रेंच कायद्यात आहे ना, न सांगता काम हाती घेतलं आणि मूळ माणूस वारला, तरी वारसाने ताब्यात घेईपर्यंत ते चालू ठेवावं लागतं. म्हटलं वारस समोर आहे, देऊन टाकू, सांगून टाकू, मोकळी होऊ. मी गाठोडं सोडलं आणि म्हटलं, रेणुका, तुला एक सांगायचंय. ती त्या वह्यांकडे बघून म्हणाली, ‘माहितीय मला, मावशी.’

मी विचारलं, काय माहितीय?

‘नळ तुम्ही चालू ठेवला त्ये. आत्यानं आल्या आल्याच फोनवर सांगितलं. एका डोळ्याला पट्टी होती, दुसरा शाबूत होता की. भिंतीवर पाण्याची रेघ होती, म्हणाली. पुढं एकदा मी म्हटलं, मग विचार की तिला. तर म्हणली, इचारलं तर ती माफी मागंल, चार दिस रडंल, आन् मग तोंड चुकवत बसंल. आता रोज येती, रोज काय न काय इचारती. कॉलेज सुटल्यापासनं मला कुणी काय इचारलंय?’

पुढे ती काही बोलली असेल, मला आठवत नाही. मी तिला म्हटलं, हे बाड तू घे. ती म्हणाली, मी शाळेत गणित शिकवते, मला यातलं काय कळतंय, तुम्हीच पुरं करा. गाठोडं आणि बाड परत उचलून मी घरी आले.

आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. ऐकताय ना? मी तीन महिने रोज जीव मुठीत धरून यायचे आणि तुम्ही मजेत चहा पीत माझी परीक्षा बघत होतात. पाण्याचं उदाहरण घे म्हणालात, आणि वर साखर कमी! तुम्हाला एकदा म्हणता आलं नसतं, वकीलबाई, झालं गेलं, बस इथे? मी काही सुटले नसते, पण मोकळी तरी झाले असते. मग थोड्या वेळाने दुसरंच मनात येतं. भिंतीआड राहून मी तुम्हाला कधी काही विचारलं? वह्या कोरड्या राहिल्या असत्या तर मी रोज आले असते? सणावाराला डबा, पाणी आलं की हाक, एवढंच. तुमच्याकडे बोलायला एवढं होतं आणि मला ते वह्या बुडवल्यावर कळलं. मग चिडायचं तरी कोणावर, हे ठरत नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तुम्ही गेलात त्याच्या दोन दिवस आधीचं भांडण सारखं आठवतंय. शेवटच्या आधीचं प्रकरण, सोडून देण्याचं. एकाचं दुसऱ्याकडे काही येणं असेल आणि त्याला ते सोडून द्यायचं असेल तर कसं? इंग्रज म्हणतो, बदल्यात काहीतरी घे, नाहीतर रीतसर दस्त कर. आपला कायदा म्हणतो, ज्याचं येणं त्याने सोडलं की सुटलं, दुसऱ्याला विचारायचंही कारण नाही. आणि जर्मनीत एकट्याने सोडून भागत नाही. ज्याच्यासाठी सोडलं त्यानेही हो म्हणावं लागतं, दोघांचा करारच लागतो. मी म्हटलं, हे जर्मन म्हणजे उगाच कागदाला कागद; माफ करणाऱ्याला परवानगी कशाला हवी? आपलाच कायदा बरा, सुटसुटीत. तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, ‘तसं न्हाय, वकीलबाई. सोडल्यालं घ्यायला बी माणूस लागतोय की.’

मी ते जसंच्या तसं टाइप केलं. पुढच्या मुद्द्यावर गेले. तुम्ही मला तेव्हा दार उघडून दिलं होतं आणि मी पान उलटलं.

आता राहिलेलं प्रकरण मी लिहीन. तुमच्यासारखं होणार नाही, आणि चुकलं तर सांगणारं कोणी नाही, ही भीती आहेच. प्रस्तावनेत वह्यांचं काय झालं ते खरं खरं लिहिणार आहे. रेणुका ‘कशाला?’ म्हणाली होती, तरीही. पण ते छापल्यावर लोक वाचतील, आणि लोकांचं माझ्याकडे काही येणं नाही. येणं तुमचं होतं. आपल्या कायद्याने तुम्ही ते कधीच सोडलंत, मी सुटले, मला काही करायची गरज नाही. पण असं सुटून मला एक रात्र धड झोप लागलेली नाही. म्हणून मी जर्मनांकडे जाते, अक्का, हा वाद तुम्ही जिंकलात. तुम्ही सोडलंत, ते मला घ्यायचं आहे. आणि घ्यायचं तर आधी ते तुमचं काय येणं होतं, हे माझ्या तोंडाने म्हणावं लागेल.

त्या सकाळी नळ मी चालू ठेवला. घाईत विसरले. तुमच्या सातही वह्या माझ्यामुळे गेल्या, आणि त्यानंतर तीन महिने मी तुमच्यासमोर बसून खोटं बोलले. अक्का, माझं चुकलं. मला माफ करा.